पुस्तक आलं की आपल्याला कळावं: ग्रंथालयाचं फीड लावण्याची रीत

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना हिंगण्याहून नाहीतर कामठीहून सीताबर्डीपर्यंत यायचं आणि देवघेवीच्या खिडकीवर कळायचं, की पुस्तक अजून आलंच नाही. किंवा आलं होतं, पण गेल्याच आठवड्यात कुणीतरी नेलं. डिसेंबरात अधिवेशनाचे मोर्चे चुकवत सिव्हिल लाइन्स ओलांडायची आणि पुढे ग्रंथालयाला कुलूप, कारण सुट्टीची सूचना संकेतस्थळावर होती आणि तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. नागपुरात वाचणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला अशा खेपा येतात. त्यातल्या बऱ्याच टाळता येतील अशी एक जुनी, फुकट सोय आहे, ती म्हणजे वेब फीड.

एमपीएससीचा अभ्यास करणारे, विद्यापीठात पीएच.डी.चं काम करणारे, निवृत्तीनंतर मनसोक्त वाचणारे, यांपैकी ज्यांनी कधीच फीड लावलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. ग्रंथालयाच्या सूचनांचं फीड लावावंच, पण खरा फायदा कॅटलॉगमध्ये आपल्या विषयाचा शोध घेऊन त्या शोधाचं फीड लावण्यात आहे. असं करता येतं हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून खाली सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

फीड म्हणजे नेमकं काय

संकेतस्थळावर एक साधी फाइल असते. तिच्यात नव्या नोंदींची यादी असते: शीर्षक, दुवा, तारीख आणि थोडा मजकूर. नवीन नोंद झाली की फाइल आपोआप बदलते. तुमच्या फोनमधलं किंवा संगणकातलं एक ॲप, ज्याला फीड रीडर म्हणतात, ठरावीक वेळाने ती फाइल उघडून बघतं आणि नवीन काही असेल तर तुमच्यापुढे ठेवतं. ग्रंथालयाला तुमचं नाव, ईमेल, मोबाइल नंबर काहीही द्यावं लागत नाही. नको झालं की रीडरमधून काढून टाकायचं, कुणाला कळवायची गरज नाही.

हे तंत्र १९९९ साली नेटस्केप कंपनीत आरएसएस या नावाने सुरू झालं. त्याची आज सर्वत्र दिसणारी २.० ही आवृत्ती २००२ मधली. अ‍ॅटम नावाचा दुसरा प्रकार २००५ साली प्रमाणित झाला. तुम्हाला यांत निवड करावी लागत नाही, कारण कुठलाही रीडर दोन्ही वाचतो. ओळखायची खूण एकच: नारिंगी चौकोन, त्यात कोपऱ्यात एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी.

एक गोष्ट फीडकडून मिळणार नाही. तुमच्याकडचं पुस्तक परत करायची तारीख, दंड, राखून ठेवलेलं पुस्तक आल्याची खबर, ही तुमच्या खात्याची खासगी माहिती आहे. ती एसएमएस, ईमेल किंवा तुमच्या लॉगिनमधूनच येते.

आधी रीडर घ्या

यात फार वेळ घालवू नका. अँड्रॉइड फोन असेल तर ‘फीडर’ नावाचं ॲप घ्या. ते मुक्त स्रोत आहे, खातं उघडावं लागत नाही आणि सगळं तुमच्या फोनमध्येच राहतं. आयफोन किंवा मॅक असेल तर ‘नेटन्यूजवायर’, तेही फुकट. संगणकावर थंडरबर्डमध्ये ईमेल बघत असाल तर त्यातच फीडचं वेगळं खातं उघडता येतं. फोन आणि संगणक दोन्हींवर एकच यादी हवी असेल तर फीडली किंवा इनोरीडरवर खातं काढा. या लेखातल्या कामांना त्यांची फुकटची योजना पुरते.

ॲप उघडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन फीड तपासण्याची वेळ दिवसातून एकदा किंवा दोनदा ठेवा. ग्रंथालयाच्या नोंदी दर तासाला बदलत नाहीत. मोबाइलचा डेटा वाचतो, आणि ग्रंथालयाच्या छोट्या सर्व्हरवर उगाच भारही पडत नाही.

सूचनांचं फीड

सुट्ट्या, बदललेल्या वेळा, अभ्यासिकेच्या जागांचे अर्ज, व्याख्यानं, ग्रंथप्रदर्शनं हे सगळं बहुतेक संस्था आपल्या संकेतस्थळावर टाकतात. त्या पानाचा पत्ता कॉपी करा, रीडरमधलं अधिकचं चिन्ह दाबा आणि पेस्ट करा. पानाने आपलं फीड नीट जाहीर केलेलं असेल तर रीडर ते स्वतःच शोधून काढतो.

सापडलं नाही तर दोन गोष्टी करून बघा. संकेतस्थळ वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालत असेल, आणि अनेक संस्थांची चालतात, तर मुख्य पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजी लिपीत ‘फीड’ हा शब्द लिहा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. दुसरी गोष्ट संगणकावर करायची: पान उघडून कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबा. पानामागचा कोड दिसेल. त्यात कंट्रोल-एफ दाबून इंग्रजी लिपीत ‘आरएसएस’ आणि मग ‘अ‍ॅटम’ शोधा. फीड असेल तर त्याच ओळीत त्याचा पत्ता अवतरणचिन्हांत दिलेला असतो.

संस्थेची व्याख्यानं यूट्यूबवर जात असतील तर त्या चॅनेलचा पत्ता रीडरमध्ये टाका. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलचं फीड असतं, आणि बरेचसे रीडर ते शोधून घेतात. फक्त व्हॉट्सॲप गटात किंवा फेसबुकवर टाकलेल्या सूचनांना मात्र फीड नसतं.

आता मुख्य काम: आपल्या शोधाचं फीड

ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगला ओपॅक म्हणतात. तो उघडा आणि सर्वांत आधी तो कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतो ते बघा. पानाच्या तळाशी ‘कोहा’ हे नाव दिसलं, किंवा शोध घेतल्यावर वरच्या पत्त्यात कोहा आणि ओपॅक हे शब्द आले, तर तुमचं काम सोपं आहे. कोहा हे न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांत ते २००० सालापासून वापरात आलं, आणि आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत तेच आहे. कोहाच्या प्रत्येक शोधाला स्वतःचं फीड असतं.

समजा, तुम्हाला झाडीबोलीवरची नवी पुस्तकं हवी आहेत. शोधाच्या चौकटीत ‘झाडीबोली’ लिहा आणि शोधा. निकालाच्या पानावर, एकूण किती नोंदी सापडल्या ते जिथे लिहिलेलं असतं तिथेच, नारिंगी चिन्ह असतं. फोनवर ते दाबून धरा, संगणकावर त्यावर उजवी कळ दाबा आणि दुव्याचा पत्ता कॉपी करा. तो रीडरमध्ये टाका. झालं. आता तो शब्द असलेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये चढलं की तुमच्या फोनवर नोंद येईल.

चिन्हावर साधं क्लिक केलंत तर कोडचं पान उघडेल किंवा एखादी फाइल उतरेल. काही बिघडलेलं नाही, फीड असंच दिसतं. पत्त्यात ‘झाडीबोली’ऐवजी टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची लांबच लांब माळ दिसली तरीही तो पत्ता बरोबर आहे. देवनागरी अक्षरं वेबच्या पत्त्यात अशीच लिहिली जातात. तिच्यातलं एकही अक्षर न गाळता पूर्ण कॉपी करा, एवढंच.

शोधाला मर्यादा घालता येतात, आणि घालाव्यात. विद्यापीठाच्या अनेक विभागांची ग्रंथालयं एकाच कॅटलॉगमध्ये असतील तर जिथे तुम्हाला जाता येतं तेवढीच शाखा निवडा. भाषा मराठी निवडा, फक्त प्रबंध हवे असतील तर साहित्यप्रकार निवडा. आधी हे सगळं लावून निकाल नीट येऊ द्या, मगच चिन्हावरून पत्ता घ्या. मर्यादा त्या पत्त्यातच साठवल्या जातात.

मराठी शोधाच्या अडचणी

फीड जोडणं हे दोन मिनिटांचं काम आहे. त्यामागचा शोध नीट बांधणं हे खरं कसब, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्यात बऱ्याच गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली अडचण लिपीची. काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नोंद देवनागरीत असते, काहींत रोमन लिपीत, आणि पुष्कळ ठिकाणी जुन्या नोंदी रोमनमध्ये, नव्या देवनागरीत. म्हणून तुमच्या विषयावरचं एक पुस्तक त्या ग्रंथालयात आहे हे ज्याबद्दल तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, ते आधी शोधा आणि त्याची नोंद कशी केली आहे ते बघा. दोन्ही लिप्या आढळल्या तर दोन वेगळी फीड लावा. रोमनमध्ये ‘झ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो, त्याचाही विचार करा. आणि ‘झाडी बोली’ असे दोन शब्द तोडून लिहिलेलेही सापडतील.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘शेतकरी’ शोधलंत तर ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द असलेलं शीर्षक सुटून जाईल. त्यातच ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. यावर उपाय सोपा आहे: शब्दाचा न बदलणारा भाग लिहा आणि पुढे तारांकन द्या. ‘शेतक’ लिहून लगेच तारांकन दिलं की शेतकरी, शेतकऱ्यांचा, शेतकऱ्यांच्या सगळे एका शोधात येतात. विदर्भातल्या शेतीवर काम करणाऱ्यांनी हे एवढं जरी केलं तरी फरक दिसेल.

तिसरी अडचण एका शब्दाच्या दोन संसारांची. गोंड राजवटीवर वाचणाऱ्याने रोमन लिपीत ‘गोंडवाना’ शोधलं तर निम्मे निकाल भूशास्त्राचे येतात, कारण प्राचीन महाखंडाला आणि कोळशाच्या थरांना आपल्याच प्रदेशावरून ते नाव मिळालं आहे. असं झालं की शब्द सोडा आणि पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीकडे वळा.

त्या चिठ्ठीवर वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा असतो. असे आकडे देण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे, त्यातही कवितेला ८९१.४६१ आणि कथा-कादंबऱ्यांना ८९१.४६३. महाराष्ट्राच्या इतिहासाला ९५४.७९२. कोहाच्या शोधाच्या चौकटीशेजारच्या यादीतून ‘कॉल नंबर’ निवडा, हा आकडा इंग्रजी अंकांत लिहा आणि त्या शोधाचं फीड घ्या. शीर्षक कुठल्या लिपीत टंकलं आहे, शब्द तोडला आहे की जोडला आहे, विभक्ती कोणती, यांतलं काहीच मग आड येत नाही. मराठी कविता वाचणाऱ्याला एवढं एक फीड पुरतं, असं माझं मत आहे. मात्र सगळी ग्रंथालयं ड्यूई वापरत नाहीत, आणि वापरणारी सगळी इतक्या बारकाईने आकडा देत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात की आपल्या आवडीच्या कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वहीत टिपून घ्या. तुमच्या ग्रंथालयात तेच चालतात.

मार्चअखेर

आपल्याकडे ग्रंथालयांची खरेदी आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि त्यांची दाखल नोंद त्या सुमारास किंवा त्यानंतरच्या आठवड्यांत एकदम होते. फीडमध्ये मात्र एका वेळी ठरावीक नोंदीच राहतात, कोहात सहसा ५०. ‘सगळी नवी पुस्तकं’ असं मोठं फीड लावलं असेल आणि दोन दिवसांत ३०० पुस्तकं चढली, तर मधली बरीच तुमच्या नजरेस पडायच्या आधीच यादीतून निघून जातील. छोट्या विषयाच्या फीडला हा धोका जवळजवळ नसतो. मोठं फीड ठेवायचंच असेल तर त्या काळापुरती तपासणी वाढवून दर सहा तासांवर आणा.

आणखी एक. कॅटलॉगमध्ये नोंद चढली म्हणजे पुस्तक कपाटात आलं असं नाही. शिक्के, चिठ्ठ्या, बारकोड व्हायचे असतात. फीडमधल्या दुव्यावरून नोंद उघडा आणि खाली प्रतीची स्थिती वाचा. ‘उपलब्ध’ असेल तरच निघा. नसेल तर, सोय असल्यास, लॉगिन करून तिथूनच पुस्तक राखून ठेवा.

प्रबंध आणि संशोधन लेख

विद्यापीठं आणि संशोधन संस्था आपले प्रबंध, अहवाल ज्या डिजिटल संग्रहांत ठेवतात, त्यांतले बरेच डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यातल्या प्रत्येक संग्रहाला वेगळं फीड देता येतं, म्हणून पूर्ण संस्थेचं न घेता आपल्या विभागाचं पान उघडून तिथे नारिंगी चिन्ह शोधा.

मेडिकलच्या किंवा एम्सच्या विद्यार्थ्यांसाठी पबमेडची सोय फार चांगली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही लेखसूची. शोध घेतला की चौकटीखालीच ‘क्रिएट आरएसएस’ असं दिसतं. किती नोंदी हव्यात ते निवडून पत्ता घ्यायचा. सिकलसेलवर काम करणाऱ्याने आजाराच्या नावाबरोबर ‘विदर्भ’, ‘महाराष्ट्र’ किंवा ‘मध्य भारत’ हे शब्द इंग्रजीत जोडून शोध लावला, तर आपल्या भागातल्या रुग्णांवरचा नवा लेख सूचीत येताच कळतो. नियतकालिकांच्या संकेतस्थळांवरही नव्या अंकाच्या अनुक्रमणिकेचं फीड बहुधा असतं.

फीड लावलं, पण चालत नाही

कॉलेजात बसून लावलेलं फीड घरी चालत नसेल तर पत्ता बघा. संस्थेच्या नावाऐवजी १९२ किंवा १० पासून सुरू होणारे नुसते आकडे असतील, तर तो कॅटलॉग फक्त आवारातल्या नेटवर्कपुरता आहे. फीडली, इनोरीडर त्याच्यापर्यंत कधीच पोचणार नाहीत, कारण ते बाहेरच्या सर्व्हरवरून तपासतात. फोनमध्येच काम करणारं ‘फीडर’सारखं ॲप मात्र तुम्ही आवारातल्या वायफायवर आलात की फीड ताजं करून घेतं. रोज कॉलेजला जाणाऱ्याला तेवढं पुरतं.

रीडरने प्रमाणपत्राची तक्रार केली, तर संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असण्याची शक्यता जास्त. ती ग्रंथालयाला कळवा. रात्री किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्रुटी येत असेल तर सर्व्हर बंद ठेवलेला असू शकतो, फीड काढून टाकायची घाई करू नका. आणि महिनोन्‌महिने काहीच आलं नाही तर तोच शोध ओपॅकवर हाताने घेऊन बघा. तिथे नवी पुस्तकं दिसत असतील तर सॉफ्टवेअर अद्ययावत करताना पत्ता बदलला असेल. नवा पत्ता घ्या.

फीड नसेलच तर

अनेक सार्वजनिक ग्रंथालयांचा कॅटलॉग अजून ऑनलाइन नाही, आणि ज्यांचा आहे त्या सगळ्यांत फीडचं चिन्ह दिसेलच असं नाही. ग्रंथालय ईमेलने नव्या पुस्तकांची यादी पाठवत असेल तर ‘किल द न्यूजलेटर’ ही फुकट सेवा वापरा. ती तुम्हाला एक ईमेल पत्ता आणि त्याला जोडलेलं फीड देते. यादीसाठी तो पत्ता दिला की पत्रं रीडरमध्ये येतात. स्वतःच्या खात्याच्या, दंडाच्या मेलसाठी तो पत्ता देऊ नका.

याहून चांगला मार्ग म्हणजे ग्रंथपालांना भेटणं. नुसतं ‘फीड सुरू करा’ म्हणून काम होत नाही, नेमकं मागावं लागतं. ओपॅक कोहावर असेल तर असं विचारा: “मॅडम, ओपॅकच्या पहिल्या पानावर बातम्यांची जागा आहे. तिचं फीड कोहात तयारच असतं. दर महिन्याच्या नव्या पुस्तकांची यादी आणि सुट्ट्या तिथे टाकता येतील का?” यासाठी खर्च नाही, वेगळं सॉफ्टवेअर नाही, फक्त मजकूर टाकायचा आहे. कॅटलॉग आवारातच अडकला असेल तर तो बाहेरून दिसावा म्हणून लेखी अर्ज द्या, आणि शक्य असेल तर पाच-दहा वाचकांच्या सह्यांनिशी. ग्रंथपालांनाही वरिष्ठांकडे काहीतरी कागद दाखवावा लागतो. आपल्या वाचकांना हे हवं आहे हे त्यांना कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण नारिंगी चिन्ह कुणी वापरतं की नाही हे त्यांना एरवी दिसतच नाही.

यादी जपून ठेवा

गुगल रीडर हा एके काळी सर्वांत जास्त वापरला जाणारा रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. ज्यांनी यादी उतरवून घेतली होती त्यांनी ती दुसरीकडे नेली, बाकीच्यांना सगळं नव्याने शोधावं लागलं. प्रत्येक चांगल्या रीडरमध्ये ‘ओपीएमएल’, म्हणजे फीडच्या यादीची फाइल, निर्यात करायची सोय असते. ती वापरून फाइल उतरवा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

हीच फाइल दुसऱ्यालाही देता येते. अभ्यासिकेत एकाच परीक्षेची तयारी करणारे किंवा एकाच मार्गदर्शकाकडे काम करणारे चार-सहा जण असतील, तर एकाने नीट शोध बांधून फीड लावावीत, फाइल उतरवावी आणि गटात टाकावी. बाकीच्यांनी ती आपापल्या रीडरमध्ये आयात केली की सगळी फीड एकदम जोडली जातात. पाठवण्याआधी तुमची खासगी फीड, विशेषतः ‘किल द न्यूजलेटर’ची, त्यातून वगळा. त्यांचा पत्ता ज्याच्याकडे जातो, त्याला तुमची पत्रं वाचता येतात.